बॅरलचा ट्विस्ट बघून मॅच बुलेट कशी निवडायची

नवीन रायफल हातात आली की मॅचसाठी, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठी, सगळे पहिल्यांदा विचारतात, किती ग्रेनची (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं माप) बुलेट घेऊ? खरं तर विचारायला पाहिजे किती लांबीची. कारण बुलेट जेवढी लांब तेवढी ती सरळ ठेवायला फिरकी जास्त लागते, वजनाचा नंबर त्यानंतर. एकाच कॅलिबरमध्ये वजन वाढलं की लांबीपण वाढते म्हणून लोक ग्रेनमध्ये बोलतात आणि शिसं भरलेल्या बुलेटला ते चालून जातं, पण अख्ख्या तांब्याची बुलेट घेतली की फसगत होते, तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच ग्रेनला ती बरीच लांब निघते.

आधी ट्विस्ट नक्की करा, म्हणजे बॅरलमधल्या पिळदार खाचा बुलेटला किती फिरवतात ते. १:८ म्हणजे आठ इंचांत एक पूर्ण फेरा, आकडा लहान तितकी फिरकी जास्त. बहुतेक बॅरलवर छापलेला असतो. नसेल तर रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, बोल्ट काढा, हँडलवर मोकळा फिरणारा क्लिनिंग रॉड घ्या, टोकाला घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून आत सारा, रॉडवर वरच्या बाजूला एक खूण करा आणि ती खूण पूर्ण फिरून परत वर येईपर्यंत रॉड किती इंच आत गेला ते मोजा. दोनतीनदा करा, पॅच घसरला की आकडा चुकतो.

मग गणित. १८७९ मध्ये ग्रीनहिल नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाने दिलेलं सूत्र अजून चालतं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले बुलेटची लांबी, सगळं इंचात. वेग २८०० फूट प्रति सेकंदाच्या वर असेल तर १५० च्या जागी १८० घेतात. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाचं उदाहरण घेऊ. बुलेटचा व्यास ०.२२४, सिएरा कंपनीची ७७ ग्रेनची मॅचकिंग साधारण ०.९९ इंच लांब (तुमच्या डब्यातली कॅलिपरने मोजाच), उत्तर येतं ७.६ च्या आसपास, म्हणजे ट्विस्ट १:७.६. हे सूत्र सावध उत्तर देतं, आणि १:८ त्याच्या अगदी जवळ बसतो.

हल्ली लोक मिलरचं सूत्र वापरतात, ते ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये तयार असतं. उत्तर स्थिरतेचा आकडा म्हणून येतं, १ च्या खाली गेलात तर बुलेट हवेत लोळणार (आडवीतिडवी फिरणार), दीडच्या वर असलात तर निवांत. तीच ७७ ग्रेनची बुलेट २८०० च्या वेगाला १:१२ मध्ये ०.८ येते, म्हणजे विषय संपला. १:९ मध्ये १.४, चालेल पण काठावर. १:८ मध्ये जवळपास पावणेदोन. प्लास्टिकचं टोक असलेली बुलेट असेल तर ते टोक लांबीत पूर्ण धरू नका, वजन काहीच नसतं त्याला, नाहीतर आकडा उगाच कमी दिसतो.

काठावर राहू नका असं का म्हणतो, तर थंडी. थंड हवा दाट असते आणि दाट हवेत स्थिरता घसरते. अमेरिकेत सुरुवातीच्या एआर-१५ रायफलला १:१४ ट्विस्ट होता, ५५ ग्रेनला उन्हाळ्यात ठीक चालायचा, कडाक्याच्या थंडीत कमी पडला म्हणून १:१२ केला. समुद्रसपाटीपेक्षा उंचावर हवा विरळ, तिथे उलट फायदाच.

.२२३ मध्ये ढोबळ हिशोब असा, ५२-५३ ग्रेनला १:१२ पुरतो, ६९ ला १:९, ७७ आणि ८० ला १:८. फक्त ८० ग्रेनची भरलेली राउंड एआरच्या मॅगझिनमध्ये मावत नाही, म्हणून हायपॉवरवाले (अमेरिकेतल्या मोठ्या रायफलच्या स्पर्धेतले नेमबाज) २००-३०० यार्डाला ७७ वापरतात आणि ६०० ला ८० एकएक करून भरतात. .३०८ या मोठ्या काडतुसाला १:१२ मध्ये १६८ आणि १७५ दोन्ही आरामात बसतात, पण १६८ ची जुनी मॅचकिंग हजार यार्डाला नेऊ नका, वेग ध्वनीच्या जवळ उतरला की ती डगमगते आणि त्याला ट्विस्टचा इलाज नाही, तिच्या शेपटीचा आकारच तसा आहे. तिकडे १७५ घ्या.

आपल्याकडे ५० मीटरवाल्यांना ही डोकेदुखी नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तो इव्हेंट .२२ चा, तिथे बॅरल साधारण १:१६ आणि बुलेट ४० ग्रेन, निवडायचा असतो तो फक्त लॉट, म्हणजे कारखान्यातून एकत्र निघालेली काडतुसांची खेप.

जास्त फिरकीचं काय? १:७ मधून २८०० फूट प्रति सेकंदाने सुटलेली बुलेट मिनिटाला २,८८,००० फेरे घेते, पातळ जॅकेटची (शिशावरच्या धातूच्या आवरणाची) हलकी बुलेट त्यात हवेतच फुटू शकते. जाड जॅकेटच्या मॅच बुलेटला सहसा काही होत नाही, त्यामुळे १:८ की १:९ असा घोळ असेल तर मी डोळे झाकून १:८ म्हणेन. बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून मारणारे) मात्र छोट्या बुलेटला मुद्दाम १:१३-१:१४ ठेवतात, बुलेटमधला बारीकसा असमतोल फिरकीने वाढू नये म्हणून.

शेवटी कागदावर मारून बघा. पूर्ण डबा घेण्याआधी मित्राकडून थोड्या मागा, शक्यतो थंड सकाळी जा, आणि ग्रुपच्या (गोळ्या किती जवळजवळ पडल्या त्याच्या) आधी भोकं बघा. गोल असतील तर पुढे लोडवर (पावडर आणि भरणीच्या मापावर) काम करा, लांबट दिसली तर पावडर बदलत बसू नका, आखूड बुलेट घ्या.