दत्तक गाव फोन उचलेनासं झालंय? महाविद्यालयांनी या चुका टाळाव्यात

शिबिराची तारीख ठरली, बॅनर छापून आला आणि नेमके तेव्हाच सरपंच फोन उचलेनासे झाले. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना हा अनुभव नवा नाही. मग स्टाफरूममध्ये निकाल लागतो : गावच सहकार्य करत नाही. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. नंतर जुनी फाइल चाळली, तेव्हा कळलं की तीन वर्षांत आम्ही त्या गावाकडून बरंच काही आणलं होतं. दिलं होतं फक्त एक वृक्षारोपण, तेही मेपर्यंत वाळून गेलेलं.

गडबड 'दत्तक' या शब्दापासूनच सुरू होते. पिढ्यान्‌पिढ्या नांदत्या गावाला दत्तक घेणारे आपण कोण? उच्च शिक्षण संस्थांना गावांशी जोडण्यासाठी २०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानातही संस्थेने जवळची पाच गावं निवडायची असतात. पण गावाने आपल्याला निवडलंय का, हे विचारायचं राहूनच जातं. ग्रामपंचायतीचं पत्र फाइलला लागलं की संमती मिळाली, असं आपण धरून चालतो. निदान पहिल्या दोन भेटींना प्रश्नावली नेऊ नका. पारावर बसा, चहा घ्या, लोक कशाबद्दल कुरकुरतात ते ऐका. एसटीची वेळ, रोहित्र, रेशन, जे काय असेल ते. विद्यार्थ्यांचा प्रकल्प त्या कुरकुरीतूनच निघतो.

सगळ्यात महागात पडते ती कॅलेंडरची चूक. महाविद्यालय सत्रावर चालतं, गाव पावसावर. सात दिवसांचं विशेष शिबिर आपण आपल्या सोयीने डिसेंबर-जानेवारीत घेतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत तेव्हा दाराला कुलपं असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघून गेलेल्या असतात आणि मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं. आम्ही अशाच एका गावात कुटुंब-पाहणी केली होती. अहवालात कुटुंबं लहान निघाली आणि मजुरी करणारे जवळपास नव्हतेच. एकही आकडा खोटा नव्हता. पण निम्मं गाव तेव्हा फडावर होतं.

पाण्याचंही तेच. डिसेंबरात विहीर भरलेली दिसते, विद्यार्थी लिहितात 'पाणी पुरेसे'. टँकरची वाट पाहणं सुरू होतं एप्रिल-मेमध्ये, तेव्हा आपण परीक्षेत गुंतलेले. यावर उपाय अवघड नाही. त्याच दहा विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबर, जानेवारी आणि मे अशी तीनदा मोजा. दोरी, टेप आणि वही एवढंच लागतं. मेमधलं मोजमाप त्याच गावातून येणाऱ्या विद्यार्थ्यांवर सोपवा, परीक्षा संपली की ते तसेही सुट्टीला घरीच असतात. सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाचे १२० तास भरायचेच असतात, ते सगळे हिवाळ्यातच भरले पाहिजेत असं कुठे आहे?

दुसरी मोठी चूक म्हणजे माहिती नेऊन परत न करणं. अहवाल विद्यापीठाला जातो, एक प्रत महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला लागते, गावाला मात्र काहीच मिळत नाही. पुढच्या वर्षी नवी तुकडी तेच प्रश्न घेऊन उभी राहते, "घरात किती माणसं? शौचालय आहे का?" लोक मग ठोकळेबाज उत्तरं देऊ लागतात. सगळ्या फॉर्मवर सारखीच उत्तरं दिसली तर विद्यार्थ्यांना रागावू नका, गाव कंटाळलंय असं समजा. पाहणीतलं जे गावाच्या कामाचं असेल ते एका पानावर, साध्या मराठीत लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. २६ जानेवारी किंवा १ मेची ग्रामसभा त्यासाठी बरी. लोक आकडे दुरुस्त करतील. करू द्या, खरी पाहणी तिथे सुरू होते.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात गावकऱ्यांचे अभ्यासगट होते. बाहेरच्या जाणकारांनी तिथे यायचं, माहिती द्यायची, चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचा अधिकारही. प्राध्यापकाने कुठे बसायचं, हे मला तरी तिथून कळलं.

सरपंच भेटले म्हणजे गाव भेटलं, हा समजही सोडा. बैठक मंदिराच्या सभामंडपात ठेवली की कोण येणार नाही हे तिथल्या कुणालाही विचारा, लगेच सांगतील. वाड्या-वस्त्यांवर वेगळं जा. बायकांशी बोलायचं तर बचत गटाच्या बैठकीचा दिवस गाठा, दुपारी दोनला हाक मारून शेतातून कुणी येणार नाही.

आणि कार्यक्रम अधिकारी, म्हणजे हे काम पाहणारा प्राध्यापक, तीन-चार वर्षांनी बदलतो, त्याच्याबरोबर सगळी ओळखही जाते. म्हणून एक नोंदवही ग्रामपंचायतीतच ठेवा : कोण आलं, काय बोललं गेलं, काय करायचं कबूल केलं. नव्या माणसाने आधी तिथे जाऊन ती वाचावी.

संबंध आधीच बिघडले असतील तर नवं पत्र पाठवू नका. गेल्या दोन-तीन वर्षांचे अहवाल काखेत मारा, विद्यार्थ्यांना घरी ठेवा, बॅनरही नको, आणि एकटेच एसटीने जा.