मुलाला टक्के कमी दिले, अनुदान नाकारलं : दाद कशी मागायची

"आमचं अपंगाचं नामंजूर झालं," असं पालक सांगतात, तेव्हा आधी विचारावं लागतं, कुणी नामंजूर केलं? कारण ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. अपंगत्वाची टक्केवारी सिव्हिलमधले, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर ठरवतात. पैसे तहसीलमधून, संजय गांधी निराधार योजनेच्या तालुका समितीकडून मंजूर होतात. टक्के कमी पडले म्हणून तहसीलदारांशी वाद घालून काही होत नाही, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलेला अर्ज सिव्हिल सर्जन सोडवू शकत नाहीत.

नकार कागदावर घ्या

खिडकीवर "बसत नाही" एवढंच ऐकून जतची एसटी धरू नका. प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी कळवणं नियमानं बंधनकारक आहे. कारण लेखी दिलं नाही तर साध्या कागदावर मागणी करा, आवक-जावकला द्या आणि आपल्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा, पुढे सगळं तिच्यावर चालतं. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात विचारा : तपासणीत कोणते रिपोर्ट पाहिले, आणि टक्केवारी कशी काढली?

लढण्यासारखं आहे का, ते पाहा

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम त्यात येतात. कॅन्सर, किडनीचा आजार, हृदयविकार त्यात नाहीत. पालकांना हे पटत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. पण बोर्ड, म्हणजे तपासणारे सिव्हिलचे डॉक्टर, आजार किती मोठा हे मोजत नाही, शरीराचं कोणतं काम किती गेलं हे मोजतं. डोळ्याच्या कॅन्सरमध्ये एक डोळा काढावा लागला, तर मोजमाप दृष्टीचं होतं. दुसरा डोळा चांगला असेल तर ३० टक्केच मिळतात, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० लागतात. अशा वेळी अपिलात शक्ती घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संजय गांधी योजनेच्या निकषांत कर्करोगासारखे दुर्धर आजार वेगळे दिलेले आहेत. त्याखाली मुलाचा अर्ज बसतो का, हे तहसीलमध्ये लेखी विचारा.

पुरावा : इथंच निकाल फिरतो

"रुग्ण गंभीर आजारी असून मदत मिळावी" अशा पत्राचा काडीचा उपयोग नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून निदान, ते कधी झालं, रक्ताचा आजार असेल तर रक्त किती दिवसांनी चढवावं लागतं, कोणत्या अवयवावर परिणाम झालाय आणि मूल काय करू शकत नाही, हे लिहून घ्या.

बाकीचं आईनं वहीत लिहावं. मोठं काही नको, असं :

"सोमवार. जमिनीवरून उठताना दोन्ही हात मांड्यांवर टेकून वर आला. शाळेच्या तीन पायऱ्या चढून बसला. चड्डीची गुंडी मला लावावी लागली.
मंगळवार. दोनदा पडला. शाळा नाही."

दोन-तीन आठवड्यांची अशी वही आणि सोबत शाळेचं हजेरीपत्रक. बोर्डापुढे मूल थोडाच वेळ असतं, आणि त्या दिवशी ते नेमकं उत्साहात असतं. त्यात आपल्याकडं कुणी विचारलं की "तसं बरंय आता" म्हणायची सवय! तिथं ते म्हणू नका. मुलालाही "काकांना चालून दाखव बघू नीट" असं सांगू नका. रोज जसं चालतं तसंच चालू दे.

अपील

कायद्याचं कलम ५९ प्रमाणपत्र देणाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपिलाचा हक्क देतं. मूल अज्ञान असल्यानं अर्ज पालकांनी करायचा. अपील प्राधिकारी कोण आणि मुदत किती, हे सिव्हिल सर्जनच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. निर्णय हातात पडल्यावर रेंगाळू नका. मजकूर थोडक्यात असा :

"माझ्या मुलाची तपासणी दि. __ रोजी झाली व __ टक्के अपंगत्व नोंदवले. तपासणीत पुढील रिपोर्ट विचारात घेतलेले दिसत नाहीत : __. त्याच्या दैनंदिन अडचणींची नोंद व डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. तरी कलम ५९ नुसार फेरतपासणी व्हावी, ही विनंती."

व्यवस्थेवर राग काढायला हा कागद वापरू नका. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्सच जोडा.

तहसीलमध्ये अडलं असेल तर

आधी उत्पन्नाची मर्यादा तपासा. इतर लाभार्थ्यांना वर्षाला २१,००० रुपये, पण दिव्यांगांसाठी कुटुंबाचं उत्पन्न ५०,००० पर्यंत चालतं. चुकून पहिली मर्यादा लावली असेल, तर तेवढाच मुद्दा लिहून फेरविचार मागा. पैसे सुरू होऊन मध्येच थांबले असतील तर तो नकार नव्हे. बँकेत जाऊन आधार जोडणी बघा. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५पासून महिना २,५०० रुपये आहे, तेव्हा जमा रकमेवरही नजर ठेवा.

तरीही दाद लागेना

पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडं तक्रार करता येते. वकिलाच्या फीची धास्ती नको : मुलांना, स्त्रियांना आणि दिव्यांगांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सांगली असो की सातारा, जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. आधी फोन करायचा तर १५१००. जाताना नकाराचा कागद, पोच, वही आणि डॉक्टरांचं पत्र, याच क्रमानं लावून न्या.