नास्तिक किंवा अल्पसंख्याक पेशंटचे शेवटचे दिवस: बोलता येतंय तोवर काय काय करून ठेवायचं

घरात कोणी शेवटचं आजारी असलं की गंगाजल, तुळशीचं पान, उशाशी गीतेचा पंधरावा अध्याय हे सगळं आपोआप सुरू होतं, पेशंट जन्मभर नास्तिक असला किंवा बौद्ध असला तरी, कारण तोवर त्याची वाचा गेलेली असते आणि नातेवाईक तर जमलेले असतात. म्हणून बोलता येतंय तेव्हाच विचारा. "धर्म कोणता" असं नको, "जवळ कोण हवं, कशाने शांत वाटतं, काय अजिबात नको" असं विचारा. कुणाला त्रिसरण-पंचशील हवं असतं, कुणाला कानाशी कलमा आणि तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, कुणाला नुसता नातीचा हात. आडनावावरून ठरवू नका प्लीज, मुस्लिम घरातही नास्तिक असतात.

मग लिव्हिंग विल, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये प्रोसेस सोपी केली, आता मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. व्हेंटिलेटर, नळीने अन्न वगैरे कधी नको ते स्पष्ट लिहा, तुमच्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं टाका, एकाहून जास्त चालतात. एक कॉपी फॅमिली डॉक्टरला द्या. कपाटात कुलूपबंद ठेवलेला कागद आयसीयूत काही कामाचा नाही!

पण यात फक्त उपचारांचं येतं, अंत्यविधीचं वेगळं लिहा, आणि खरं सांगायचं तर तिथे नातेवाईकांचंच चालतं त्यामुळे त्यांच्याशी आत्ताच बोलणं भाग आहे. ट्रान्सजेंडर माणसाच्या बाबतीत हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जिने आयुष्यभर साडी नेसली तिला शेवटी शर्ट-पॅन्ट घालून जुन्या नावाने निरोप देतात, हे फार क्रूर आहे. कोणतं नाव, कोणते कपडे, पार्टनरला किंवा तृतीयपंथी समाजातल्या तिच्या गुरूला आत सोडायचं, हे वॉर्डातल्या सिस्टरना आधीच सांगून ठेवा आणि केस पेपरवर लिहायला लावा.

देहदान करायचं असेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या अॅनाटॉमी विभागात फॉर्म भरा, घरच्यांच्या सह्या घ्या, कारण फॉर्म भरलेला असला तरी ऐनवेळी मुलाने नाही म्हटलं की विषय संपतो. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा एचआयव्ही, हेपॅटायटिस बी असलेला देह सहसा घेत नाहीत, तेव्हा विद्युतदाहिनीचा दुसरा पर्याय ठरवूनच ठेवा. नेत्रदान मात्र सहा तासांच्या आत व्हायला हवं, त्यामुळे आधी आयबँकेला फोन, मग बाकीचे फोन, आणि टीम येईपर्यंत पंखा बंद, डोळे मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी.