जुन्या पिकअपला नवा पार्ट जुळत नसेल तर काय करावं

खोक्यावर मॉडेल बरोबर, साल बरोबर, तरी पार्ट बसत नाही. जुन्या पिकअपच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. वर्षानुवर्षं ओझी वाहिलेली गाडी कारखान्यातून निघाली तशी राहिलेली नसते. कुणी इंजिन बदललेलं असतं, कुणी दुसऱ्याच गाडीचा मागचा एक्सल टाकलेला असतो, आणि त्याची नोंद कागदावर सापडेलच असं नाही. म्हणून पार्ट गाडीच्या नावाशी जुळवण्यापेक्षा, तो ज्याला जोडायचा आहे त्या पार्टशी जुळवावा. पुढचं सगळं काम याच एका गोष्टीवर चालतं.

पायरी १ : गाडीची ओळख पटवून घ्या

चेसी नंबर फोटो काढून जवळ ठेवा. १७ अक्षरी नंबरात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, त्यामुळे ‘ओ’ दिसला तर तो शून्य समजावा. दाराच्या खांबावर पट्टी असेल तर तिच्यावरचा उत्पादनाचा महिनाही टिपा. कंपन्या वर्षाच्या मध्येच पार्ट बदलतात, आणि एकाच सालच्या दोन गाड्यांचे ब्रेक वेगळे निघतात.

मग इंजिन ब्लॉक, गिअरबॉक्स आणि एक्सलवरची घाण वायर ब्रशने साफ करून त्यांवर ओतलेले किंवा कोरलेले नंबर वाचा. ते चेसी नंबरच्या माहितीशी जुळले नाहीत, तर प्रत्यक्ष बसवलेल्या पार्टचाच नंबर धरून पुढे जायचं.

मागच्या एक्सलचा रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे) कळत नसेल तर एक्सलमधल्या मोठ्या आणि लहान गिअरचे, म्हणजे क्राउन आणि पिनियनचे, दात मोजावेत. ४१ आणि ११ दात असतील तर ४१ भागिले ११, म्हणजे ३.७३. फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा रेशो एकच लागतो. वेगळा असेल तर कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकल्याबरोबर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, भयंकर ताण येतो.

पायरी २ : जुना आणि नवा पार्ट शेजारी ठेवा

हे काम बसवायला घेण्याआधी करा. ग्रीस किंवा तेल लागलेला पार्ट दुकानदार परत घेईलच असं नाही. व्हर्निअर कॅलिपर हाताशी हवा, नुसता डोळ्यांचा अंदाज इथे फसवतो.

बेअरिंग आणि ऑइल सील सर्वांत सोपे, कारण माप त्यांच्या अंगावरच असतं. ६२०३ नंबरचं बेअरिंग कुठल्याही कंपनीचं घ्या, आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिमीच मिळेल. क्लच प्लेटचा व्यास आणि मधल्या भोकातले दात मोजा. ब्रेक डिस्कचा व्यास, जाडी आणि मधल्या टोपीची उंची तपासा. ही उंची थोडी जरी चुकली तरी डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही.

बोल्टकडे मात्र जास्त लक्ष द्या. १० मिमीच्या बोल्टला १.२५ मिमी अंतराचे (पिचचे) आटेही असतात आणि १.५ चेही. त्यात जुन्या गाडीत इंची बोल्टही मिसळलेले असू शकतात. ३/८ इंच म्हणजे ९.५२ मिमी. तो १० मिमीच्या आट्यात खेळत खेळत आत जाऊ शकतो, आणि पान्याने आवळला की आटे सोलून निघतात. नवा बोल्ट आधी बोटांनी फिरवा. चार-पाच आटे सहज गेले पाहिजेत. अडला तर पाना न लावता बाहेर काढा आणि पिच गेजने (आट्यांचं अंतर बघायच्या दातेरी पट्टीने) दोन्ही आटे तपासा.

काही पार्ट तंतोतंत बसतात आणि तरीही चुकीचे असतात. हे जास्त धोक्याचे. काही इंजिनांत व्ही बेल्ट जाऊन सर्पेंटाइन बेल्ट (सगळ्या पुलींवरून फिरणारा एकच लांब, चपटा पट्टा) आला तेव्हा वॉटर पंपाची फिरण्याची दिशा उलटी झाली. दोन्ही पंप एकाच ब्लॉकवर बसतात, पण आतल्या पात्यांचा कल वेगळा असतो. चुकीचा पंप लावला की गाडी तापते आणि माणूस थर्मोस्टॅट बदलत बसतो. म्हणून बसवण्याआधी पंप उलटा करून पाती बघाच.

ब्रेक कॅलिपरचंही तसंच. डाव्या-उजव्यात अदलाबदल झाली तर तो काही गाड्यांत निमूट बसतो, पण ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचं (ब्लीड करायचं) तोंड, खाली येतं. हवा वरच अडकते, कितीही ब्लीड केलं तरी पॅडल स्पंजासारखं दबतं. बसवल्यावर निपल वरच्या बाजूला हवं.

पायरी ३ : जुळत नाही हे नक्की झालं, आता पुढे?

परत करताना ‘बसत नाही’ एवढंच सांगू नका. जुना पार्ट, मापं आणि नंबर घेऊन जा. दोन वेगळ्या मापांचे भाग जोडायचे असतील तर कधी तयार उपाय मिळतो. उदाहरणार्थ, प्रोपेलर शाफ्टसाठी (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या दांड्यासाठी) दोन बाजूंना दोन मापांच्या टोप्या असलेले क्रॉस, म्हणजे जोडातले अधिकच्या आकाराचे तुकडे, बनतात. बरोबर पार्ट मिळतच नसेल तर जुनाच दुरुस्त करण्याचा विचार करा. स्टार्टरचे कार्बन ब्रश, अल्टरनेटरचं बेअरिंग, कॅलिपरची सील किट हे बहुधा वेगळे मिळतात, आणि जुनं हाउसिंग तर नक्कीच जुळतं.

ब्रॅकेटचं भोक थोडं लांबवणं, अल्टरनेटरचा प्लग बदलणं, पुली रांगेत आणायला वॉशर टाकणं, इतकं चालतं. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट यांत घासाघीस, वेल्डिंग, ठोकून बसवणं मुळीच नको. ब्रेक पाइपचं तोंड डबल फ्लेअर (नरसाळ्यासारखं पसरून आत दुमडलेलं) आहे की बबल फ्लेअर (गोल फुगवलेलं), हे बघून तेच घ्या. एकाच्या जागी दुसरं आवळलं तर ते आज गळणार नाही कदाचित, पण जोराने ब्रेक दाबाल तेव्हा गळू शकतं.

पायरी ४ : बसवल्यावर

इंजिन चालू करण्याआधी फिरणारा भाग हाताने पूर्ण फेरा फिरवून बघा. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून ब्रेकचा होज कुठे घासतो का ते पाहा. पहिली चक्कर रिकाम्या गाडीने, हळू आणि जवळच मारा, मग गळती तपासा आणि बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघा. तोपर्यंत जुना पार्ट भंगारात द्यायचा नाही. जो पार्ट शेवटी बसला त्याचा नंबर आणि तो मुळात कुठल्या मॉडेलचा आहे, हे गाडीच्या कागदांसोबत लिहून ठेवा. पुढच्या वेळी ही गाडी जो खोलेल त्याला तेच लागणार आहे.