हवा जायची, पण पंक्चर सापडेना

कारच्या मागच्या डाव्या टायरची हवा दर आठवड्याला उतरायची. रविवारी ३३ पीएसआय भरायचो, पुढच्या रविवारी २८. थंडीला दोष देऊन झाला. पण तापमान १० अंशांनी उतरलं तर फरक एक-दोन पीएसआयचा पडतो, आणि तोही चारही चाकांत. इथे एकच रुसलेलं. पंक्चरवाल्याने नुसत्या ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या भागावर) पाणी मारून पाहिलं आणि म्हणाला, 'नवा टायर घ्या.' (हा सल्ला फार लवकर मिळतो.)

शेवटी चाक काढून स्वतःच साबणाचं पाणी लावलं. व्हॉल्व्हवर काही नाही, ट्रेडवर काही नाही. आतल्या बाजूने, टायर रिमला जिथे टेकतो तिथे मात्र दोन मिनिटांत बारीक फेस धरला. टायर उतरवून घेतल्यावर दिसलं, अलॉय रिमच्या कडेवर पांढरट, खरखरीत गंज. वायर ब्रश आणि बारीक पॉलिश पेपरने तो घासून काढला, टायरची कडा पुसली, बीड सीलर (कडेची फट बुजवणारा लेप) लावून टायर पुन्हा बसवून घेतला. हातासरशी व्हॉल्व्हही नवा घातला. यानंतर चाकाचं बॅलन्सिंग (वजन सगळीकडे सारखं करणं) करावंच लागतं.

तीन महिने झाले. काल मोजली तर ३२.