गरजूंच्या घरांसाठी मागे काही ठेवून जायचंय? मग मृत्युपत्रातल्या या चुका टाळा

मुलं बाहेर सेटल झालीत, त्यांना इथला फ्लॅट नकोय, आणि आपल्याच भागात काम करणाऱ्या नर्स, वॉचमन, अंगणवाडी सेविका यांचा पगार भाड्यातच संपतो, हे रोज बघून बऱ्याच जणांना वाटतं की आपल्यामागे हे घर किंवा थोडे पैसे अशा कुणाच्या तरी निवाऱ्याला लागू देत. फार चांगला विचार आहे हा. मुंबईत हे झालेलंही आहे, जेरबाई वाडियांनी नवऱ्यामागे राहिलेला पैसा कमी उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांच्या घरांकडे वळवला, लालबागची नौरोज बाग, कुलाब्याची कुसरो बाग या वसाहती त्याच कामातून उभ्या राहिल्या. पण त्यांनी हयातीतच काम सुरू केलं आणि पुढे चालवायला ट्रस्ट ठेवला. आपण एक ओळ लिहितो आणि झालं म्हणतो.

ती ओळ साधारण अशी असते: "माझा फ्लॅट गरिबांच्या घरांसाठी द्यावा." कुणाला द्यावा? विकून की भाड्याने? ठरवणार कोण? अर्थच लागत नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे ती तरतूद रद्द ठरू शकते, आणि नाही ठरली तरी कोर्टात वर्षं जातात. त्यापेक्षा संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव, नोंदणी नंबर, पत्ता लिहा, आणि पुढे एक वाक्य जोडाच: "ही संस्था तेव्हा चालू नसेल तर याच उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला द्यावं, निवड एक्झिक्युटरने करावी." (एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला तुम्ही नेमलेली व्यक्ती.) संस्थेच्या ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे स्थापनेच्या दस्तात, घरांचं काम उद्देशात आहे का तेही बघा, शाळा चालवणाऱ्या ट्रस्टला घरांसाठी फ्लॅट दिला तर तो अडकून बसतो.

आता सगळ्यात जास्त जिथे गाडी अडते ते. फ्लॅट द्यायचा की फ्लॅटचे पैसे? महाराष्ट्रात पब्लिक ट्रस्टच्या नावावर स्थावर मालमत्ता एकदा आली की ती विकायला, किंवा बिगरशेती मालमत्ता तीन वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायला, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. तुमच्या वाकडच्या एका वन बीएचकेचं ट्रस्टला काही करता येत नसेल आणि विकून गावाकडे चार घरं बांधणं सोयीचं असेल तर ही परवानगी काढण्यात बराच वेळ जातो. मग सरळ लिहा की एक्झिक्युटरने फ्लॅट विकावा आणि रक्कम संस्थेला द्यावी, म्हणजे फ्लॅट ट्रस्टच्या नावावर चढतच नाही. आणि फ्लॅटच द्यायचा असेल, तिथे कुणी कमी भाड्यात राहावं अशीच इच्छा असेल, तर सोबत थोडी एफडी पण ठेवा. कारण सोसायटीचा मेंटेनन्स दर महिन्याला येणार, भाडेकरू ठेवला की नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंत लागणार, शिवाय लिफ्ट, रंगकाम, लीकेज. छोट्या संस्थेला नुसता फ्लॅट म्हणजे खर्चच वाढतो, याचा विचार देणारे क्वचितच करतात.

सोसायटीत नॉमिनी म्हणून संस्थेचं नाव टाकलं की झालं, हाही गैरसमजच. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने जाते. उलट फाईलमध्ये वीस वर्षांपूर्वीचा नॉमिनेशन फॉर्म, त्यावर वारलेल्या बायकोचं किंवा दुरावलेल्या भावाचं नाव, आणि मृत्युपत्रात संस्था, असं असेल तर कमिटी हात वर करते. दोन्हीकडे जुळवून घ्या.

शेतजमीन देणाऱ्यांनी तर वकिलाशी बोलल्याशिवाय पेनच उचलू नका. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन द्यायला कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे कलेक्टरची परवानगी लागते, आणि मृत्युपत्रानेही ही अट चुकवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये गुजरातच्या एका केसमध्ये सांगितलंय, तिथेही तोच मुंबई कुळकायदा होता.

आपल्या मालकीचं किती हेही तपासा. वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच. गोव्यात मुलं किंवा आईवडील असतील तर अर्धा वाटा त्यांच्यासाठी राखीव राहतो, तुमच्या मर्जीचा फक्त उरलेला अर्धा. ख्रिश्चनांवर धर्मादाय देणगीसाठी उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११८ ची जाचक अट होती, ती सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच काढून टाकली, त्यामुळे अजूनही कुणी ती सांगून घाबरवत असेल तर ऐकू नका.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक. अमेरिकेचं, ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल तर इथल्या संस्थेला दिलेली देणगी विदेशी मानली जाते, ओसीआय कार्ड असलं तरी. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तिला ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्टच असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतले असतील तर ही अडचण नाही.

सह्यांचं थोडक्यात: दोन साक्षीदार हवेत, ते तुमच्यापेक्षा तरुण असले तर बरं, आणि संस्थेचा ट्रस्टी साक्षीदार नको, उगाच संशयाला जागा. नोंदणी सक्तीची नाही पण करून टाका, स्टॅम्प ड्युटी लागत नाही. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. आणि मुलांना आधी सांगा हो, त्यांना नंतर कागदावरून कळलं तर पहिला आक्षेप घरातूनच येतो, मग संस्थेला कितीही हक्क असला तरी ती भांडायला येईलच असं नाही.

मूळ प्रत फक्त तुम्हालाच उघडता येणाऱ्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका. ती कुठे आहे ते एक्झिक्युटरला सांगून ठेवा आणि एक झेरॉक्स संस्थेच्या ऑफिसात पोचवा.