पीव्हीआय ६० सेंटीमीटर उचलला, रस्ता ४८च उचलला

एल-सेक्शनवरच्या (रस्त्याच्या उभ्या छेदावरच्या) एका पीव्हीआयची, म्हणजे चढ-उताराच्या दोन सरळ रेषा जिथे मिळतात त्या बिंदूची, लेव्हल बदलायची, एवढंच काम असतं. ते झालं की दोन जागी कर्व्ह नापास होतो, तिसरीकडे जिथे कर्व्हची गरज नव्हती तिथे तो लागतो, आणि हवी होती तेवढी उंचीही मिळत नाही. सॉफ्टवेअर चुकलेलं नसतं. टँजंट (ठरावीक ग्रेडची, म्हणजे चढ-उताराच्या टक्क्याची, सरळ रेषा), पीव्हीआय आणि व्हर्टिकल कर्व्ह (दोन टँजंट जोडणारा उभा वळसा) एकमेकांना बांधलेले असतात. एक हलवला की दुसरा जुळवून घेतो. जुळवून कोणी घ्यायचं आणि कोणी जागेवर राहायचं, हे एडिट करण्याआधी ठरवावं लागतं. इथली उदाहरणं सिव्हिल थ्रीडी या रस्ता-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली आहेत. ओपनरोड्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आज्ञांची नावं वेगळी, गणित तेच.

आधी आकडे

डिझाइन स्पीड ८० किमी प्रतितास. चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, किलोमीटर+मीटर) ०+४०० ला पीव्हीआयची लेव्हल ५६२.०००, ०+८०० ला ५७२.०००, १+२०० ला ५६४.०००. म्हणजे मधल्या पीव्हीआयला +२.५ टक्क्यांनी चढ येतो आणि −२.० टक्क्यांनी उतार निघतो, फरक ४.५ टक्के. समिट कर्व्ह (माथ्यावरचा) १५० मीटरचा, म्हणजे के व्हॅल्यू (लांबी भागिले ग्रेडचा टक्क्यांतला फरक) ३३.३. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) सूत्रात १२० मीटर दृष्टीअंतराला किमान के ३२.७ लागतो, म्हणजे जेमतेम पास. ०+४०० ला येणारा ग्रेड +२.० टक्के, फरक फक्त ०.५, या वेगाला ०.६ टक्क्यांपर्यंत कर्व्ह लागत नाही, म्हणून तिथे दिलेला नाही. १+२०० च्या पुढे +०.५ टक्का चढ आहे, तिथे ६५ मीटरचा सॅग (खोलगटातला) कर्व्ह, के २६. सॅगला किमान २५.३ लागतो.

आता मधला पीव्हीआय ५७२.६०० करा. दोन्ही बाजूंचे ग्रेड +२.६५ आणि −२.१५ होतात, फरक ४.८. कर्व्ह लांबीने बांधलेला असेल तर १५० मीटरच राहतो आणि के ३१.२५ वर घसरतो: नापास. तिकडे १+२०० ला फरक २.६५ झाला, ६५ मीटरला के २४.५: तोही नापास, ७० मीटर करावा लागेल. ०+४०० ला फरक ०.६५ झाला, म्हणजे आता तिथे किमान ५० मीटरचा कर्व्ह हवा. हात लावला एका पीव्हीआयला, दुरुस्ती तीन ठिकाणी.

खरी गोम पुढेच आहे. समिट कर्व्ह पीव्हीआयच्या खालून जातो. किती खालून, तर ग्रेडचा फरक टक्क्यांत गुणिले लांबी भागिले ८००. आधी तो ०.८४४ मीटर होता, म्हणजे ०+८०० ला एफआरएल (तयार रस्त्याची लेव्हल) ५७१.१५६. के सांभाळायला कर्व्ह १६० मीटर केला की तोच आकडा ०.९६० होतो आणि एफआरएल ५७१.६४०. पीव्हीआय ६० सेंटीमीटर चढला, रस्ता ४८. खाली मोरीवर ६० सेंटीमीटर कव्हर वाढवायचं असेल तर पीव्हीआय साधारण ७५ सेंटीमीटर उचलावा लागतो. म्हणून लक्ष्य नेहमी एफआरएलवर ठेवा, पीव्हीआयच्या लेव्हलवर नको.

कोण कोणाला बांधलेलं

प्रोफाइलच्या (सॉफ्टवेअरमधल्या एल-सेक्शनच्या) लेआउट टूल्समध्ये प्रत्येक टँजंट आणि कर्व्ह तीनपैकी एका प्रकारचा असतो. फिक्स्ड म्हणजे स्वतःच्या बिंदूंवर उभा; शेजारी हलला तरी तो हलत नाही. फ्लोटिंग एका टोकाने शेजाऱ्याला स्पर्शरेषेत चिकटलेला असतो, दुसरं टोक आपण देतो. फ्री हा दोघांच्या मधला. त्याची जागा पूर्णपणे त्या दोघांवर अवलंबून. टँजंट काढत कर्व्हसकट प्रोफाइल आखलं की मधले कर्व्ह फ्री बनतात, आणि ते कशाने बांधलेले आहेत (लांबी, के की त्रिज्या) त्यावर वरच्या उदाहरणातला निकाल ठरतो. पुलाच्या डेकचा ग्रेड आणि लेव्हल मंजूर झालेली असेल तर तो टँजंट फिक्स्डच ठेवा आणि दोन्ही बाजूंचे अ‍ॅप्रोच त्याला जोडून घ्या. उलटं केलं तर अ‍ॅप्रोचवरच्या एका किरकोळ बदलाने डेक हलतो, आणि स्क्रीनवर दोन सेंटीमीटर कोणाच्या नजरेत येत नाहीत.

ग्रिपचंही (स्क्रीनवर धरून ओढायच्या खुणांचंही) तसंच. पीव्हीआयचा मधला त्रिकोण ओढला की दोन्ही ग्रेड बदलतात. बाजूचे त्रिकोण पीव्हीआयला त्या-त्या टँजंटवरच सरकवतात, त्या बाजूचा ग्रेड कायम राहतो. आपल्या उदाहरणात +२.५ कायम ठेवून ६० सेंटीमीटर चढायचं तर पीव्हीआय २४ मीटर पुढे, ०+८२४ वर जातो. ०+४०० ची कटकट वाचते, पण पुढचा उतार −२.२९ होतो आणि सॅग आणखी बिघडतो. एका लांब पट्ट्याची लेव्हल सरसकट वाढवायची असेल तर पीव्हीआय उचलण्या-उतरवण्याची आज्ञा चेनेजची हद्द देऊन वापरा. आतले ग्रेड जसेच्या तसे राहतात. बदल फक्त हद्दीच्या दोन टोकांना होतो; प्रत्येक टोकाला हद्दीच्या आतला शेवटचा आणि बाहेरचा पहिला, असे दोन-दोन पीव्हीआय तपासायचे.

एडिट करताना

पहिल्यांदा प्रोफाइलची कॉपी काढून नाव बदलून ठेवा आणि कॉरिडॉरचं (रस्त्याच्या त्रिमितीय मॉडेलचं) आपोआप रीबिल्ड बंद करा, नाहीतर प्रत्येक ओढाताणीला मशीन अडकतं. मग प्रोफाइल ग्रिड उघडून ज्याला हात लावणार तो आणि त्याच्या मागचे-पुढचे दोन-दोन पीव्हीआय, एवढ्यांचे चेनेज, लेव्हल, ग्रेड, कर्व्हची लांबी आणि के कागदावर उतरवा. ग्रिडमध्ये ग्रेडच्या रकान्यात थेट आकडा टाकण्याचा मोह टाळा. ग्रेड बदलला म्हणजे कुठली तरी लेव्हल बदलणारच, आणि ती कुठली हे त्या रकान्याकडे पाहून कळत नाही. लेव्हल टाका, ग्रेड आपोआप येईल.

बदल झाला की कागदाशी ताळा करा. कर्व्ह लांब केला असेल तर शेजारच्या कर्व्हशी टक्कर होत नाही ना, तेही बघा: दोन पीव्हीआयमधलं अंतर दोन्ही कर्व्हच्या अर्ध्या-अर्ध्या लांबीच्या बेरजेपेक्षा जास्त हवं. घाटात पीव्हीआय जवळजवळ असतात, तिथे हेच आडवं येतं.

पिवळा इशारा आला नाही म्हणजे डिझाइन पास, असं धरू नका. सॉफ्टवेअरसोबत येणारे डिझाइन क्रायटेरिया आश्टोचे (अमेरिकेतल्या महामार्ग संघटनेचे) असतात. तिथे ८० किमीला समिटचा किमान के २६ आहे, कारण समोरचा अडथळा ६० सेंटीमीटर उंच धरलेला असतो. आयआरसी १५ सेंटीमीटर धरते. त्यामुळे ३१.२५ चा कर्व्ह सॉफ्टवेअर निमूट मान्य करतं. सॅगला उलट आश्टोचा के ३०, म्हणून आयआरसीत बसणाऱ्या कर्व्हवर उगाच इशारे येतात. आयआरसीच्या आकड्यांची स्वतःची क्रायटेरिया फाइल एकदा करून ठेवली की हा घोळ संपतो.

वरची आणि खालची साखळी

प्रोफाइल अलाइनमेंटला, म्हणजे रस्त्याच्या नकाशावरच्या आखणीला, टांगलेलं असतं. पीव्हीआय लॉक करण्याची सोय बंद असेल आणि ०+३०० च्या आसपास वळण सुधारताना अलाइनमेंट १२ मीटरने कमी झाली, तर ओजीएलचं (मूळ जमिनीच्या लेव्हलचं) डायनॅमिक प्रोफाइल नव्या वाटेवरून पुन्हा काढलं जातं, पण डिझाइनचे पीव्हीआय जुन्याच चेनेजवर बसून राहतात. जमिनीवर ०+६०० ला असलेली मोरी आता ०+५८८ वर आली, तिथे २.५ टक्के चढात एफआरएल ५६७.००० ऐवजी ५६६.७०० मिळतं. मोरीवरचं ३० सेंटीमीटर कव्हर गेलं आणि प्रोफाइलची रेघ दिसायला जशीच्या तशी. अलाइनमेंट बदलली की मोऱ्या, पूल आणि चौकांचे चेनेज नव्याने मोजा, आणि पीव्हीआय तेवढेच सरकवा.

खालच्या बाजूला ऑफसेट प्रोफाइल (कडेच्या समांतर रेषांचं), चौकातले कर्ब रिटर्न (कोपऱ्यावरची वळणं) आणि कॉरिडॉर आहेत. इंटरसेक्शन ऑब्जेक्ट वापरला असेल तर आडव्या रस्त्याचा पीव्हीआय मुख्य रस्त्याच्या लेव्हलला लॉक असतो. मुख्य उचलला की तोही चढतो, आणि त्याच्या शेजारच्या ग्रेडची तपासणी पुन्हा पहिल्यापासून. सगळं जुळल्यावरच कॉरिडॉर रीबिल्ड करा, आणि नवी क्वांटिटी हिशोबात बसते का ते हाताने बघा. मधला पीव्हीआय ६० सेंटीमीटर उचलण्याच्या वरच्या बदलात जुन्या-नव्या रेघांमधलं क्षेत्रफळ सुमारे २३० चौरस मीटर येतं. १२ मीटर फॉर्मेशन रुंदी आणि सगळीकडे भराव धरला तर साइड स्लोप सोडून साधारण २,७५० घनमीटर माती वाढायला हवी. तक्त्यात काहीशेच घनमीटर वाढलेले दिसले, तर कॉरिडॉर अजून जुन्या प्रोफाइलकडे किंवा काढून ठेवलेल्या कॉपीकडेच बोट दाखवत असण्याची शक्यता जास्त; कॉरिडॉरच्या बेसलाइनला (मूळ रेषेला) कुठलं प्रोफाइल दिलंय ते आधी तपासा.